दहापैकी

चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या,
म्हणून मी रेडिएटरवर टेकलेय. थंडगारच आहे तो.
ऑस्विन टिंडल कागद वाटत फिरतोय:
मालकांना सात वर्षं झाली, दहापैकी गुण द्या,
नाव घालायची गरज नाही.
पेन्सिली खालच्या बेटिंगच्या दुकानातल्या, करंगळीएवढ्या.

माझ्या पुढ्यातला डन्स्टन पहिल्या झटक्यात शून्य लिहून मोकळा.
त्याच्या पोराचं सीझन तिकीट महागलं.
खिडकीपाशी कुणीतरी आठ देतंय, हात आडवा धरून,
परीक्षेत धरतात तसा.

मी बत्तीस वर्षं हार्लमथ टाउनच्या जर्सी धुतल्या.
विटकरी रंग, पहिल्या तीन धुण्यांत पाण्यात उतरणारा.
चिखल वाचता यायचा मला:
गोलकीपर कुठल्या कुशीवर पडला,
कोण नव्वद मिनिटं नुसता उभा होता
आणि शिट्टी वाजायच्या आत मुद्दाम गुडघे मळवून आला.

आता मंगळवारी ट्रक येतो, धुणं घेऊन जातो,
गुरुवारी प्लास्टिकमध्ये परत. डाग नसतो कुठे.
मला त्यांनी नीट निरोप दिला, खोटं कशाला बोलू,
केक होता. केकवर नाव क्लबचं होतं.

बाकी कारभार चोख.
पगार एक तारखेला. उत्तरेच्या स्टँडचं छप्पर गळत नाही.
बायकांच्या संडासाला कडी आहे;
ती कडी यायला तीन मालक आणि एकोणीस वर्षं लागली.
मैदानाला पाइपांच्या कंपनीचं नाव दिलंय, ते मी घेत नाही.
बंदराकडून वारा आला की पाटी करकरते,
तेवढंच तिचं माझं बोलणं.

रेजी बूथरॉइडच्या काळात काय होतं?
प्रेम होतं, आणि प्रेमाला मीटर नसतो.
मटणाचं दुकान त्यानं टाउनवरून ओवाळून टाकलं,
जिंकलो की पोरांना सॉसेजेस, हरलो की स्वतः उपाशी.
सेंटर हाफ विकत घेतला, गुडघा न बघता.
तीन महिने पगार नाही. दिव्यांचं बिल थकलं तेव्हा
सामने दुपारी एकला, आणि लोकांना सांगायचा,
पोराबाळांची सोय बघितली!
आडात नाही हे ठाऊक असून
रोज पोहरा सोडणारा माणूस.

एका रात्री धुण्याच्या खोलीत आला, पालथ्या बादलीवर बसला.
यंत्र फिरत होतं. बराच वेळ तेच बघत राहिला.
मग म्हणाला, विनी, बसच्या डिझेलला, कोचच्या जेवणाला
मिळून चारशे पौंड कमी पडतात.
दिले मी. बिस्किटांच्या डब्यात होते,
नॉर्मनच्या कवळीसाठी ठेवलेले.
ती मॅच आम्ही चार-शून्यनं हरलो.
पैसे परत आले नाहीत, मीही विचारलं नाही.
पुढच्या वर्षी दुकानाला कुलूप,
त्याच्या पुढच्या वर्षी तो गेला.

आणि या मार्चमध्ये पाकीट.
नव्या मालकांच्या हिशेबनिसाला जुन्या वहीत ओळ सापडली,
रेजीच्या तिरक्या अक्षरात: डब्ल्यू. ओडी, चारशे, देणे.
व्याजासकट पाचशे त्रेसष्ट पौंड, चाळीस पेन्स.
'श्री. ओडी, विलंबाबद्दल क्षमस्व.'

चेक अजून त्याच डब्यात आहे.
आता सांग ऑस्विन, हे कुणाच्या खात्यात घालू?
ज्यानं बुडवलं पण लिहून ठेवलं,
की ज्यांनी फेडलं पण
मी बाई की पुरुष एवढंही विचारलं नाही?

तो टोपी घेऊन आलाय, माझाच कागद राहिलाय.
खालून तेल तापल्याचा वास, भूक लागलीये.
सहा लिहिते. खोडते. साताचं काम आहे, सात द्यायला हवेत.
शेजारी बारीक अक्षरात लिहिते, 'श्रीमती'.

पेन्सिल मात्र ठेवून घेते.