आज काय जाळलंत?

पुंता अरेनासमध्ये वारा दार ठोठावत नाही.
आधी आत येतो, मग विचारतो, कोण आहे घरात.
म्हणून दाराला आतून मासळीचा क्रेट लावलेला असतो.
गुरुवारी सात वाजता मी तो सरकवते,
एकेक माणूस आत येईल एवढाच.

किल्ली माझ्याकडे. तेवढंच माझं पद.
दिवसभर या शेडमध्ये मी बोटींची जाळी सांधते.
संध्याकाळी जाळी खुंटीवर जातात
आणि त्याच टेबलावर यांचा पसारा:
मीटर, चिमटे, वायरींचे गुंते,
राळेचा धूर, जो मला आवडतो
हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

इथला नियम एकच.
आलेल्यानं आधी जळालेलं दाखवायचं.
चालणारं नंतर, वेळ उरला तर.
बोटींचे रेडिओ दुरुस्त करणारा द्रागो मातुलिच
टम्म फुगलेला कपॅसिटर काढून ठेवतो.
शाळेतली हिमेना सांगते,
बॅटरी उलटी लावली. हो, पुन्हा.
कोणी हसत नाही.
म्हणजे हसतात,
पण आपापलं आठवून.

मी चहा करते आणि ऐकते.
तपकिरी, काळा, लाल: एक हजार ओहम.
रंग मला सोपे, आयुष्य रिळांत गेलंय.
ओहम म्हणजे अडवणं, इतकं कळलं.
अडवणं मला माहीत आहे.
जाळं दुसरं काय करतं?

नाउएल चौदा वर्षांचा.
मामाच्या मेंढ्यांच्या कुरणावर, एकट्या झोपडीत,
पवनचक्कीवर दिवा लावायचाय त्याला.
टेबलावर दिवा लागतो.
कुरणावर तिसऱ्या दिवशी विझतो.
तीन गुरुवार झाले.
पार्ट बदलले, प्रोग्रॅम बदलला,
द्रागोनं पडद्यावरच्या हिरव्या लाटा तासभर पाहिल्या
आणि तो म्हणाला, हिच्यात खोट नाही.

कप उचलताना वायर माझ्या हाताला लागली.
पोरानं सांधा मजबूत व्हावा म्हणून
सोल्डर ओतलं होतं, सढळ हातानं.
मी बोटांनी चाचपत गेले,
सांध्यापासून नखभर पुढे.
तिथे काहीतरी पोकळ लागलं.

इथे, मी म्हणाले.
गाठ तुटत नसते रे.
दोर तुटतो गाठीच्या शेजारी,
जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं.
वारा तिथेच हलवत बसतो.

द्रागोनं मीटर लावला. पीप.
वायर वाकवली. गप्प.
सोडली. पीप.
नाउएल माझ्याकडे असा बघत होता
जसा मी त्या मीटरकडे बघते.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर खडूनं:
विषय, दोर. सांगणार, ओतिलिया बार्रिया.
आडनावात एक 'र' कमी होता. मी राहू दिला.
दोऱ्याचे वेढे कसे घ्यायचे, आधी घट्ट, मग सैल,
म्हणजे कडक हळूहळू मऊ होतं, ते मी दाखवणार होते.
पण नाउएल म्हणाला, आधी नियम.

तुम्ही काय जाळलंत?

ड्रॉवरमध्ये होतं. एकोणीस वर्षं.
काळा, कडक, मुठीएवढा नायलॉनचा गोळा.
दोराचं टोक वितळवून बंद करायचं असतं,
मी जाळ विझवायचा विसरले,
आणि जाळ जाळ्यात शिरला.
चाळीस मीटर, नवं कोरं.
मालकाला सांगितलं, स्टोव्ह भडकला.
मालक म्हणजे द्रागोचे वडील.
त्यांनी स्टोव्ह बदलला,
आणि जाळ्याचे पैसे बोटीवरच्या पोरांकडून
थोडे थोडे कापून घेतले.
ते मला नंतर कळलं.
कळल्यावरही मी गप्प होते.

वारा पत्र्याला धरून हलवत होता.
चहा निवला.
द्रागोनं आपला फुगलेला कपॅसिटर उचलला,
दोन बोटं बाजूला ठेवला,
आणि रिकाम्या झालेल्या जागेवर
तळहात टेकून म्हणाला,
ठेव इथे.