कालव्यातली कालवं

कुंभारजुव्याच्या कालव्यात, मानशीच्या खालच्या अंगाला
आम्ही एक चक्र सोडलं होतं. तीन पाती, हातभर घेर,
विद्यापीठाच्या वर्कशॉपात रंगवलेलं, पिवळं.
भरतीला एका अंगाने फिरायचं, सुकतीला उलट.
वीज म्हणाल तर एक दिवा, तोही मिणमिणता.
प्रबंधाचं नाव मात्र दीड ओळीचं.

पहिल्याच दिवशी रुझारने विचारलं,
शेवटे खंयच्यान वतले?
म्हटलं, त्यासाठीच मोजतेय.
यंदाचा मानशीचा लिलाव त्याने घेतलेला.
त्याने फळी दोन बोटं उचलली,
पाणी ऐकलं,
पुन्हा सोडली.

मग आकडे. ऑक्टोबर, नोव्हेंबर, नाताळातसुद्धा.
कांदळाच्या मुळांत चौकट टाकून
चिखलात कोपरापर्यंत हात घातला, तिसऱ्या मोजल्या:
एकवीस, एकोणीस, चोवीस.
डासांनी माझ्या पोटऱ्या मोजल्या.

फेब्रुवारीत वेग उतरू लागला.
सेकंदाला पाऊण मीटर, मग अर्धा,
मग उधाणालाही त्याहून कमी.
केंकरे सरांनी आलेख पाहून चष्मा काढला.
प्रवाह मंदावला म्हणजे गाळ बसणार,
गाळ बसला म्हणजे मानशीचं दार अडणार,
दार अडलं तर खाजनात खारं पाणी
आणि कोरगुट भाताचं काय?
मी अख्खं चौथं प्रकरण लिहिलं. तळटीपांसकट.

अष्टमीच्या भांगाला, पाणी निवलेलं पाहून
चक्र वर ओढलं
तर पिवळा रंग कुठेच नव्हता.
पात्यांवर कालवं, कडेला कालवं, बोल्टांच्या खाचांत कालवं,
एकावर एक, बिऱ्हाड थाटून.
पाणी होतं तसंच धावत होतं.
जड झालं होतं ते आमचंच.

अहवालात रकाना असतो:
यंत्राचा पर्यावरणावर परिणाम.
उलटा रकाना नसतो.

रुझार इतका हसला की होडी हलली.
त्याची आई कोयती घेऊन आली, उकिडवी बसली,
पाती जपा म्हणेस्तोवर अर्धं टोपलं भरलं.
मग हात थांबवून म्हणाली,
ह्या रंगाचं काय गो? खाल्ली तर चलतलीं मगे?

खारटपणा, गढूळपणा, पाण्यातला प्राणवायू,
सगळं माझ्या वहीत होतं. तारीख-वेळेसकट.
रंगाचा डबा वर्कशॉपात,
जिन्याखाली कुठेतरी.

नको, म्हटलं. थांबा थोडं.
दोन कालवं बाटलीत घेतली, वर चिठ्ठी लावली.

ती काही बोलली नाही.
टोपलं पाण्यात उपडं केलं,
धुतलं,
नाकाशी नेलं,
पुन्हा धुतलं.