नवा तक्ता

अकरा जागांच्या सात करायच्या,
मुदत तीन वर्षं, मग सक्तीची विश्रांती.
मसुदा माझाच.
फतेगंजच्या खोलीत अजून सकाळ,
पडद्यावर ऑकलंडला दिवे लागलेत,
तोक्योच्या पागेदारांचे ओठ आधी हलतात,
आवाज मागून येतो.

हेमलताबाई खासगीवाले, एकवीस वर्षं सहचिटणीस.
नव्या तक्त्यात हे पदच नाही.
संपर्क, निधी, सदस्यनोंदणी: चौकोन काढले,
बाणांनी जोडले.
सुवाला आपला एक माजी विद्यार्थी गेला तेव्हा
दांडिया बाजारात त्याच्या आईकडे
या चालत गेल्या होत्या,
दुपारभर तिच्याशेजारी नुसत्या बसल्या.
त्याला कुठला बाण?

ठराव मंजूर. इथे हात वर, तिकडे अंगठे.
बाईंचाही हात वर.
"बरं झालं, हा जिना आता गुडघ्यांना झेपत नव्हता."
पिशवीतून लीलो चेवडो काढला,
अकरा पुड्या,
पडद्यावरच्यांच्यासुद्धा.

कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.
ती कुणाकडे जाते ते मी लिहिलंच नव्हतं.
मग मीच उचलली.

अर्ध्या जिन्यातून त्यांचा आवाज आला,
"खालचा खण जरा उचलून ओढ हं,
शोकपत्रांची पाकिटं आहेत त्यात.
अडकतो."