बिनधुराड्याची घरं

इकारियाच्या धक्क्याला आमचं जहाज एकोणीस दिवस पडून होतं.
शाफ्टचा एक तुकडा पिरेअसहून यायचा होता, येत नव्हता.
मी पंपमन. पंप बंद, म्हणजे मी रिकामा.

खालच्या गावात जाळी वाळत होती,
निळ्या नायलॉनची, आमच्यासारखीच.
दोरीवर ऑक्टोपस, धुतलेल्या मोज्यांसारखे.
एकाच्या हातातली सुई घेतली, चार आस विणून दिले.
तो काही बोलला नाही. सिगारेट पुढं केली.

वरच्या गावाला बस आठवड्यातून दोनदा.
चालत गेलो. घरं दिसेनात.
पाय एका छपरावर पडला
तेव्हा कळलं, गाव आलं.

किरा फोतिनी सांगत होती, निम्मं हातांनी,
निम्मं नातवाच्या मोडक्या इंग्रजीनं:
आमच्या म्हाताऱ्यांनी धुराडं ठेवलंच नाही.
धूर दिसला की चाचे यायचे.
मूठभर सुके अंजीर दिले. मग विचारलं,
तुझंही बेटच ना?
त्याच्या डोंगरात कोण राहतं?

मी वेसाव्याचा.
डोंगर म्हणजे आम्हाला परतायची खूण,
दोन शेंडे एका रेघेत आले की खाडीचं तोंड.
तिथं कोण राहतं, हे होडीतून दिसत नाही.

रिटायर झाल्यावर गेलो. पिशवीत सुके बोंबील.
बोरिवलीला तिकीट काढून आत,
मग तिकीट नसलेल्या वाटेनं पाड्यावर.
कुडाचं घर. वायर कुठंच नाही.
देवली मोरघा चुलीतलं लाकूड मागं ओढत म्हणाली,
बेतानंच जाळते. धूर दिसला की साहेब येतो.

मी फोतिनीचं सांगणार होतो.
तोवर तिनं बोंबील नाकाशी नेले.
वेसाव्याचे.
कसं ओळखलंस?
तुमच्याच बाजारात बसते की, पाऊस लागायच्या आधी,
शेवळं घेऊन, बर्फाच्या गाडीपाशी. तीस वरसं झाली.
तुमची बायको कंची? ती जाडी, का भाव पाडणारी?

भाव पाडणारी.

शेवळाची भाजी, करंदी घालून,
मी दुसऱ्यांदा मागून घ्यायचो.
घसा खाजला तर ओरडायचो,
काकडं कमी पडली म्हणून.
कुठून आली, विचारलं नाही कधी.

निघताना तिनं काकडं ओतली पिशवीत,
बोंबलांच्या रिकाम्या जागेवर.
पैसे पूर्ण घेतले.
एक रुपया सोडला नाही.