पडद्यासाठी कापड

कुमासीहून सिनेमा घेऊन आलेल्या पोराचा पडदा वाटेतच फाटला,
म्हणून मी माझं कफन दिलं.
कोरं, सात वार,
शियाच्या बिया विकून तीन उन्हाळ्यांत जमवलेलं,
पत्र्याच्या पेटीत तळाशी, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं.
झेनाबू म्हणाली, अगं, अपशकुन!
म्हटलं, आपल्यासाठी अजून कुठला शिल्लक आहे?

दोन झाडांमध्ये त्यानं ते ताणलं,
खालच्या कोपऱ्यांना दगड बांधले.
जनरेटर खोकला.
उत्तरेचा धुळकट वारा कापड फुगवत होता,
त्यामुळे सुरुवातीची सगळी माणसं गरोदर दिसली.
आम्ही हसलो. चाळीसजणी,
आणि कुंपणापलीकडे गावातली पोरं.

मग चेटकिणी आल्या.
तरण्याताठ्या, लाल ओठांच्या,
उंच इमारतीत राहणाऱ्या,
हातात मोबाइल, डोळ्यांतून हिरवा उजेड.
एक तर लिफ्टच्या आरशातून बाहेर आली
आणि बँकेच्या साहेबाचं काळीज
पर्समध्ये घालून चालती झाली.

लामिसीला दिसत नाही. तिला मी सांगत होते.
आता काय?
आता उडाली.
कशावर बसून?
कशावरच नाही.
मग पडेल की गं.

बाई बाई, काय ही विद्या!
मला येत असती
तर ओढ्यापासून इथवर दिवसाला चार खेपा
डोक्यावर पाणी वाहिलं असतं का?
उडून गेले असते लेकाच्या अंगणात.
काही केलं नसतं.
भिंतीवर बसून नुसतं बघितलं असतं,
गिनी कोंबड्यांना दाणे कोण टाकतं ते.

मग मशाली आल्या.
ढोल, विजा, शंभर माणसं एका घशानं ओरडणारी.
हे मात्र चुकीचं काढलंय.
माझ्या वेळी सकाळ होती.
दिराचा नातू तापानं गेला होता
आणि कुणाच्या तरी स्वप्नात मी दिसले होते.
ओरडलं कुणीच नाही.
पुतण्या आला, इद्दी, त्याची नाळ मी पुरलेली.
त्यानं माझी चूल पायानं विझवली
आणि खाली बघत म्हणाला,
काकी, ऊन चढायच्या आत नीघ.

इथं आल्यावर कोंबडं कापलं.
उताणं पडलं असतं तर मी निर्दोष.
ते तडफडत गेलं, गेलं,
आणि पालथं पडलं.
त्यालाही उडता येत नव्हतं.

पडद्यावर तिला खांबाला बांधलं.
ज्वाळा चढल्या, माझ्या कापडाच्या मधोमध,
जिथं माझी छाती येणार आहे.
पोरांनी टाळ्या वाजवल्या
आणि त्यांतली एक टाळी कुंपणाच्या अलीकडची होती.
राहिना. माझी नात, आठ वर्षांची,
माझ्या हाताखाली पाणी भरायला धाडलेली.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं
आपण कुठल्या बाजूच्या.

काय झालं? लामिसीनं विचारलं. टाळ्या कसल्या?
म्हटलं, लग्न लागलं.

तेवढ्यात डिझेल संपलं.
ती अर्धी जळलेली, तोंड उघडं,
आणि एकदम अंधार.
उरलेलं उद्या दाखवतो, पोरगा म्हणाला.
उद्या तो दुसऱ्या गावी होता.
झेनाबूच्या मते पाऊस आला असणार.
लामिसी म्हणते, नांदत असेल सुखानं.

त्या रात्रीच कापड उतरवलं.
नाकाला लावून पाहिलं:
धूळ, थोडं डिझेल. धूर नाही.
दुसरं टोक राहिनानं धरलं होतं.
काठाला काठ जुळवत
आम्ही घडीघडीनं जवळ आलो.
शेवटची घडी माझ्या हातात देऊन
ती तिथंच थांबली,
कंदील वर उचलला
आणि माझ्या डोळ्यांत बघत राहिली,
आधी एका, मग दुसऱ्या.

मी पापणी लवू दिली नाही.