कोचकोरच्या अलीकडे

सकाळपासून तिसऱ्यांदा मागचं चाक बसलं.
पहिल्यांदा आम्ही हसलो,
दुसऱ्यांदा तेमिरलानने स्वस्त ट्यूबांवर प्रवचन दिलं,
तिसऱ्यांदा कुणीच काही बोललं नाही.
सोल्युशनची नळी पिळली, तर आतून नुसती हवा.
हवाच तर हवी होती,
पण तिथली नव्हे.

कॅरियरचा बोल्ट मागच्या खडीत कुठेतरी.
बिश्केकपासून पुरवून आणलेल्या बिस्किटांचं
पिशवीच्या तळाशी पीठ.
मी त्या पिठावरच चिडलो.
पीठ उलटून बोलत नाही.

युर्टमधून उल्कान अपा आली,
न विचारता ट्यूब ओढून घेतली,
घोडीच्या दुधाच्या बादलीत पाणी भरून बुडवली
आणि बुडबुडे बघायचं सोडून
कान लावला.
"इथं."
इथंच होती, केसाएवढी तार.

मग नवऱ्याच्या बुटांचा डिंक,
कॅरियरला घोड्याच्या शेपटीची दोरी,
आणि डिंक वाळेपर्यंत चहा,
वाटीमागून वाटी,
घाई दिसली की अर्धीच भरलेली.

निघताना पैसे पुढे केले.
तिला ते नको होते, सायकल हवी होती,
युर्टभोवती एक फेरी.
सत्तरीची बाई, गुडघ्यापर्यंत बूट,
दोन वळणं नीट घेतली, तिसऱ्याला पडली.
उठली. झगा झटकायच्या आधी
हँडल तपासलं.

वाकलं होतं जरासं.

कोचकोरपर्यंत मी सायकल
डावीकडे रेटत नेली.
तिथे दुकान होतं, पाना होता,
पोरगा रिकामाच बसलेला.

राहू दे, म्हटलं.