बायोडाटा, एका पानात

साहेब म्हणाले, एका पानात बसव.
रुवीत, शिंप्याच्या दुकानावरचा तिसरा मजला,
एसीखाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होते
आणि मी टाइप करत होतो:
ऑरेस्ट हलुष्का. वकील.
सास्कॅचेवान प्रांताच्या विधानसभेचे माजी सदस्य. दोनदा.

आणि तिसऱ्यांदा? मी विचारलं.
तिसऱ्यांदा त्रेचाळीस मतांनी पडलो.
ते नको लिहूस.

मी दापोलीच्या कोर्टाबाहेर अकरा वर्षं
छत्रीखाली टाइपरायटर मांडून बसलेला माणूस.
कुणाच्या कागदात काय गाळायचं असतं
ते मला पक्षकाराआधी कळतं.
तरी बोटं थांबली.

खिडकीबाहेर डोंगर, झाडाचं नाव नाही.
साहेब त्यांच्याकडे बघत सपाटीबद्दल बोलायचे:
मतं मागायला निघालो की पुढच्या घराचा दिवा दिसायचा
आणि पोचायला अर्धा तास.
वाटेत भाषण पाठ व्हायचं,
दार उघडेपर्यंत विसरायचं.
मग म्हातारी चहा द्यायची, आणि मी नुसतं ऐकायचो.

स्वतःच्या नावानं एकच विधेयक मांडलं त्यांनी:
शेतावरच्या मजुराला मजुरीची लेखी पावती मिळावी.
पहिलं वाचन झालं. दुसऱ्याला अडकलं.
अजून तिथंच असेल, म्हणाले,
कुणीतरी खुंटीला विसरलेल्या कोटासारखं.

मार्चमध्ये घालाच्या छावणीतले लोक जिना चढून आले.
सात महिन्यांचा पगार नाही, कागद तर नाहीच.
त्रेचाळीस असते तर गोष्ट छान जुळली असती.
ते एकोणतीस होते,
आणि त्यातले तिघे निकालाआधीच गावी गेले.

इथल्या कोर्टात साहेबांना उभं राहता येत नाही.
ते सल्लागार,
म्हणजे खुर्ची दिलेला मुका.
मी त्यांना सांगितलं, आमच्यात म्हणतात,
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.
खूप हसले. मग म्हणाले,
पायऱ्या बांधल्या कुणी मग?
गवंड्यांनी, मल्लिनाथ म्हणाला,
अक्कलकोटचा, हाताला सिमेंटच्या भेगा.

त्याच मल्लिनाथच्या पिशवीत एक वही होती.
रोज एक उभी रेघ, पाचवी आडवी,
महिन्याच्या शेवटी मुकादमाचा अंगठा,
कारण मुकादमालाही सही येत नव्हती.
साहेबांनी वही दोन्ही हातांत धरली.
एकेक पान उलटताना त्यांच्या ओठांवर
कुठलंतरी दुसरं वाचन चाललं होतं.

बद्रियाबाई काळ्या झग्यात उभ्या राहिल्या.
साहेब मागच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर,
अरबीतलं अक्षर कळत नसताना
नेमक्या जागी मान हलवत.
मधे मी, दोन भाषांच्या मधल्या चिखलात.
पाच महिने मिळाले. दोन बुडाले.
छावणीत त्या रात्री कुणीतरी शेवया केल्या;
साहेबांनी तीन वाट्या खाल्ल्या
आणि भाषण केलं नाही.

माझं नाव दापोलीच्या मतदारयादीत अजून आहे.
एकोणीस वर्षांत मी गेलो नाही,
पण माझं मत पडतं म्हणे, दर वेळी, वेळेवर.
इथे मला मत नाही, त्यांनाही नाही.
तरी ते जिन्यात भेटेल त्याचं नाव विचारतात,
दुसऱ्या दिवशी नावानं हाक मारतात.
सवय, म्हणतात. दारं ठोठावायची.

तर मी न विचारता चार ओळी टाकल्या.
विधेयक. वही. एकोणतीस माणसं.
शेवटी पराभव, आकड्यासकट.
त्यांनी चष्मा लावला, पेन काढलं.
वाटलं, आता खोडणार.
४३ मधल्या तीनवर काट मारून
त्यांनी वर बारीक दोन लिहिला.
फेरमोजणीत, म्हणाले, एक परत आलं होतं.

पान दोन ओळींनी पुढे गेलं.
जाऊ दे, म्हणाले.
मी उठून बादली ओतून आलो.